हिलौट

भाऊसाहेब भिंगारदिवे हे नाव म्हणजे त्यांच्या वडिलांनी गावावर उगवलेला सूड होता. पिंपळदऱ्यात त्या काळी बुद्धवाड्यातल्या माणसाला धड नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. गणपतचा गण्या, छगनचा छगन्या. म्हणून छगन भिंगारदिव्यांनी मुलाच्या नावातच साहेब घालून ठेवला. हाक मारायची तर साहेब म्हणावंच लागेल, असा हिशेब. पण गाव काय कमी होतं? गावाने त्याचं भावश्या केलं. पुढे भावश्या शिकला, राहुरीच्या कृषी विद्यापीठात चारापिकांच्या विभागात कारकून म्हणून चिकटला, खिशाला पेन लावून फिरायला लागला, तेव्हा कुठे गावाच्या तोंडी साहेब बसला. आणि बसतो न बसतो तोच, त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालच्या सुमाराला, ह्या साहेबांनी ती सायकल आणली आणि केलेल्या सगळ्या कमाईवर पाणी फिरायची वेळ आली.

गोष्ट सायकलचीच आहे, पण सुरुवात वेशीपासून करावी लागेल. राहुरीकडून येणारा रस्ता पिंपळदऱ्याच्या दगडी वेशीतून आत शिरतो, रंगनाथ पाटलांच्या ओट्याला खेटून चावडीपुढून जातो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बुद्धवाड्यात निघतो. पूर्वी असा रिवाज होता की बुद्धवाड्यातल्या माणसाने वेशीत सायकलवर बसायचं नाही. उतरायचं, सायकल हातात धरून खाली मान घालून चालायचं आणि चावडी मागे पडली की मग खुशाल बसायचं. छगनबाबा तरणे असताना साखर कारखान्यात लागले, काळी बावीस इंची सायकल घेतली आणि मोठ्या हौसेने ती गावात आणली. पहिल्याच दिवशी रंगनाथ पाटलांच्या वडिलांनी ओट्यावरून नुसतं "छगन्या" म्हटलं. पुढचं काही बोलायची गरज पडली नाही. छगनबाबा उतरले.

नंतर दीक्षा झाली, कायदे आले, म्हातारे पाटील गेले, रिवाजही गेला. छगनबाबांचे पाय मात्र तसेच राहिले. वेस आली की पाय आपले आपण जमिनीवर! "मी न्हाई उतरत रं, पाय उतरत्यात," असं म्हणायचे. लहानपणी भाऊसाहेब पुढच्या दांडीवर बसलेले असत. तिथला रस्ता खराब आहे म्हणून बाबा उतरतात, असं त्यांना वाटायचं. मॅट्रिकला गेल्यावर खरं कारण कळलं आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं की मेलो तरी वेशीत उतरायचं नाही. नाहीच उतरले. कोणी अडवलं नाही, हेही खरं. पण रोज संध्याकाळी घंटी वाजवत, पाठ ताठ करून मुलगा वेशीतून येतो, हे बघायला म्हातारा चावडीपुढच्या पारावर बसून असायचा. त्याचं दिवसभराचं सुख तेवढंच होतं.

आणि अशा माणसाला हॉलंडच्या यानने ती सायकल दिली.

यान हा ताडमाड शास्त्रज्ञ गुरांचा घास कसा वाढतो ते बघायला एवढ्या लांबून आला होता. घास वाढायचा तसाच वाढला. यान जाताना भाऊसाहेबांच्या गळ्यात पडला आणि स्वतःची सायकल, बुटांसकट, त्यांना देऊन गेला. सायकल हाडकुळी, टायर बोटाएवढं, कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. स्टँडसुद्धा नाही, म्हणजे उतरल्यावर ती धरून उभं राहायचं. पेडल तर सुपारीएवढं. त्याच्यावर चप्पल ठरायची नाही. त्यासाठी ते खास बूट, आणि बुटाच्या तळाला लोखंडी चकती. बूट पेडलवर दाबला की खट्ट वाजायचं आणि पाय पेडलला धरला जायचा. यानचे बूट दोन बोटं मोठे होते, म्हणून भाऊसाहेबांनी पुढे कापूस कोंबला. गावातल्या कोणीतरी ती चकती बघितली आणि भाऊसाहेबांना बैलाच्या खुरासारखी पत्री मारली अशी बातमी बैलांच्या बाजारापर्यंत पोचली.

यानने घासाच्या वाफ्याशेजारीच शिकवणी घेतली होती. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची, एवढीच विद्या. तो ओरडायचा, "हील औट, भाऊ, हील औट!" भाऊसाहेबांना इंग्रजी कळत होतं. पायांना कळत नव्हतं. जन्मभर चपलेत राहिलेला पाय तो. त्याला सुट म्हटलं की चप्पल काढल्यासारखा वर आणि मागे. बूट जागचा हलत नसे. सायकल थांबे, थांबलेली सायकल फार विचार करत नाही, आणि भाऊसाहेब सायकलीसकट डाव्या अंगावर घासात पडत. घास मऊ होता, म्हणून त्यांना वाटलं, जमतंय.

रस्त्यावर घास नव्हता. नगर-मनमाड रोडला उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या, मधूनच एसटी. थांबायची वेळ आली की भाऊसाहेब दुरूनच झाड हेरायचे आणि झाडाला मिठी मारून उभे राहायचे. झाड नसलं तर माणूस. "पाव्हणं, जरा खांदा देता का?" असं मागून कोणी बोललं की माणूस दचकणारच. एकदा स्टँडपाशी काही न मिळून त्यांनी उभ्या एसटीच्या खिडकीचा गज धरला. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. पाय सुटेना, गज सोडायचा धीर होईना, भाऊसाहेब एसटीबरोबर निघाले. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुठलं देऊ? पिंपळदरा फाटा का पुढं?"

इथवर हसण्यावारी गेलं. पण चार दिवसांनी ते वेशीत पडले.

वेस अरुंद. त्यात आडवं गटार, गटारावर हलती फरशी, बाजूला कानिफनाथच्या चहाच्या हॉटेलाची बाकडी पुढे आलेली, आणि मधोमध नेहमी काहीतरी बसलेलं. त्या दिवशी म्हैस होती. साध्या सायकलवर पाय टेकवून, म्हशीला शिवी देऊन माणूस निघून जातो. भाऊसाहेबांनी वेग कमी केला, चप्पल काढली, म्हणजे काढायला गेले, "हील औट, हील औट" असं स्वतःलाच ओरडले आणि रंगनाथ पाटलांच्या ओट्यापुढे सपाट झाले. आजवर वेशीत कधी न उतरलेला माणूस, उतरला तो असा.

कानिफनाथला एवढं बास झालं. भाऊसाहेब पडतात तेव्हा ओरडतात, तेव्हा पडण्यालाच हिलौट म्हणत असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. आठवडाभरात शब्द गावभर झाला. पोरगं पाळण्यातून हिलौट झालं. सोसायटीच्या निवडणुकीत अमका हिलौट झाला. संध्याकाळी हॉटेलातली बाकडी भरायला लागली. चहा विकला जायचा आणि भाऊसाहेब बहुतेक वेळा निराशा करायचे नाहीत.

रंगनाथ पाटील तसे वाईट माणूस नव्हते. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, दिवसभर ओट्यावर. भाऊसाहेब पहिल्यांदा पडले तेव्हा त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं. पुढे पुढे ते आधीच तांब्या भरून जवळ ठेवू लागले, शेजारी हळदीची वाटी. भाऊसाहेब पडले की पाटील तांब्या पुढे करत. "लागलं का रं, भाऊसाहेब? घे, पानी घे."

छगनबाबा पारावरून सगळं बघत असत. घरी येऊन एकदाच म्हणाले, "आमच्या येळंला पानी वरून वतीत हुते. आता तांब्या हातात देत्यात. चांगलं हाय. पन त्याला आधी पडावं लागतं."

भाऊसाहेबांनी ताट बाजूला सारलं. विजयमाला, त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, राहुरीतून साधे पेडल बसवून घ्या की. कशाला तो हट्ट?" भाऊसाहेब म्हणाले, "आता बसवले तर गाव म्हणेल, पडून पडून शेवटी नमला." ओढ्याकडून वळसा घालून घरी यायची एक वाट होती, तीही त्यांनी धरली नाही. ती वाट पूर्वी कोणाची होती, हे त्यांना माहीत होतं.

छगनबाबांना मात्र त्या बुटांनी भलतंच झपाटलं होतं. एक दिवस बूट उलटा करून, ती चकती अंगठ्याने चाचपत ते विचारायला लागले.

"ह्यो अडकला म्हंजे पाय खाली येत न्हाई?"

"नाही, बाबा."

"मनात आलं तरी?"

"मनात येऊन काय उपयोग? टाच फिरवल्याशिवाय तो सोडतच नाही."

म्हाताऱ्याने बूट सुलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मला तवा असले बूट पाहिजे हुते." भाऊसाहेबांनी उगाच बुटातला कापूस काढून पुन्हा भरला.

आणि मग सगळ्यात वाईट दिवस उजाडला. त्या दिवशी वेशीत बोकड होतं. भाऊसाहेब असे काही पडले की सायकल मागे राहिली, अंग पुढे गेलं आणि कपाळ नेमकं पाटलांच्या ओट्याच्या पायरीवर टेकलं. पाटील म्हातारे. पायाशी कोणी वाकलं की आशीर्वाद द्यायची आयुष्यभराची सवय. हात आपोआप वर झाला आणि तोंडातून निघून गेलं, "औक्षवंत हो!"

हॉटेलातली माणसं बाकड्यावरून खाली पडायचीच राहिली. कानिफनाथचा चहा उतू गेला. पाटलांनाही आपण काय बोललो ते कळलं आणि ते ओशाळे होऊन तांब्या शोधायला लागले. भाऊसाहेबांनी पाणी घेतलं नाही. कपाळाला टेंगूळ घेऊन, सायकल हातात धरून ते चावडीपुढून चालत गेले. हातात सायकल धरून, चालत! हे त्यांच्या लक्षात आलं ते पारावर बापाची नजर बघितल्यावर.

त्या रात्री छगनबाबा जेवले नाहीत. भाऊसाहेब जवळ जाऊन बसले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "मी उतरत हुतो. व्हय, उतरत हुतो. पन पाया कवा कुनाच्या पडलो न्हाई. आता गावात म्हनत्यात, बाप उतरायचा, पोरगं पाया पडतं. एकदा, भाऊसाहेब, एकदाच मला त्या सायकलीवर तू नीट येशीतून आलेला दाखव. मग मोडून टाक तिला."

त्या दिवसापासून भाऊसाहेबांना दुसरं काही सुचेना. ऑफिसात टेबलाखाली पाय फिरवून बघायचे. घरामागच्या खळ्यात कडब्याच्या पेंढ्या पसरून विजयमाला मधे उभी राहायची आणि बैल शिकवावा तशी काठी आपटत ओरडायची, "हिलौट! हिलौट!" भाऊसाहेब पेंढ्यांत पडायचे. बुद्धवाड्यातली चांगुणा गोवऱ्या थापता थापता म्हणायची, "विजे, दुसरा नवरा बघ बाई. ह्यो लई मोडलाय."

विद्या सापडली ती भलत्याच ठिकाणी. रविवारी सकाळी छगनबाबा अंगणात बिडी ओढत होते. ओढून झाली, थोटूक खाली टाकलं आणि पायाने चिरडलं. भाऊसाहेब बघतच राहिले. चवडा होता तिथेच, थोटकावर दाबलेला, आणि टाच फिरली, बाहेर.

"बाबा! परत करा!"

"काय परत?"

"बिडी विझवा!"

"इझली की."

"दुसरी पेटवा आणि विझवा!"

म्हाताऱ्याला वाटलं, पोराच्या टेंगळाचं वारं डोक्यात शिरलं. पण बिडी मिळतेय तर का सोडा? त्यांनी दुसरी पेटवली, चार झुरके मारून विझवली. भाऊसाहेबांनी बूट चढवले, खळ्यात गेले आणि मनातल्या मनात पेडलवर बिडी विझवली. खट्ट. पाय मोकळा. पुन्हा विझवली, पुन्हा मोकळा. जन्मभर जी चप्पल काढली तीच नडत होती. सुपारीचं खांड न खाणाऱ्या ह्या माणसाने त्या दिवशी बंडलंच्या बंडलं बिड्या विझवल्या. विजयमालाने काठी ठेवून दिली.

सोमवारी संध्याकाळी वेशीत बाकडी भरलेली होती. पाटील ओट्यावर, तांब्या भरलेला, वाटी शेजारी. भाऊसाहेब लांबून दिसले तसा कानिफनाथ ओरडला, "चला, हिलौटची येळ झाली!" वेशीत बोकड होतंच, त्यालाही आता सवय झाली असावी. भाऊसाहेबांनी वेग कमी केला. फरशी हलली. बोकडाने मान वर केली. भाऊसाहेबांनी बिडी विझवली. पाय सुटला आणि जमिनीपासून वीतभर वर नुसता लोंबकळत राहिला, टेकला नाही. बोकड उठलं, अंग झाडून बाजूला झालं. पाय परत पेडलवर गेला, खट्ट वाजलं, आणि भाऊसाहेब पाठ ताठ करून पाटलांच्या ओट्यापुढून निघून गेले. घंटी नव्हती म्हणून तोंडानेच ट्रिंग ट्रिंग केलं.

हॉटेलातली माणसं तमाशाचे पैसे फुकट गेल्यासारखी बसून राहिली.

भाऊसाहेबांना त्यांची पर्वा नव्हती. त्यांची नजर पारावर होती, आणि पार रिकामा होता! ज्याच्यासाठी हाडं मोडून घेतली तो माणूसच जाग्यावर नव्हता. ते चावडीपुढे थांबले, बिडी विझवून उतरले आणि सायकल धरून इकडेतिकडे बघायला लागले. म्हाताऱ्याला काही झालं की काय?

तेवढ्यात वेशीबाहेरून घंटी ऐकू आली. ओळखीची, गंजलेली, न थांबणारी. छगनबाबा त्यांच्या काळ्या बावीस इंचीवर राहुरीच्या बाजूने येत होते. ओढ्याच्या वाटेने बाहेर जाऊन, कालव्याच्या मोरीला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी सायकल टेकवून, तिच्यावर बसून ते मुलगा वेशीतून जायची वाट बघत होते, हे भाऊसाहेबांना नंतर कळलं. धोतर वर खोचलेलं, टोपी मागे सरकलेली, नजर समोर. वेस आली. त्यांचा उजवा पाय सवयीने उचलला गेला, हे चावडीपासून भाऊसाहेबांना स्पष्ट दिसलं. भाऊसाहेब डोळे मिटणारच होते. पण पाय वर येता येता हिसका बसून थांबला आणि पुन्हा पेडलबरोबर खाली गेला. फरशी वाजली. म्हातारा वेशीतून आत आला, सायकलवर बसून. रंगनाथ पाटील ओट्यावरून उठून उभे राहिले. कशासाठी, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"बाबा!" भाऊसाहेब ओरडले.

"बाजूला हो! बाजूला हो रं!" म्हणत छगनबाबा त्यांच्यापुढून सुसाट गेले, तेव्हा भाऊसाहेबांना दिसलं. म्हाताऱ्याने दोन्ही पाय सुतळीने पेडलांना करकचून बांधले होते.

चावडीपुढून बुद्धवाड्याकडे उतार आहे, आणि त्या सायकलचे ब्रेक नुसते नावाला. "हिलौट! हिलौट!" असं छगनबाबा ओरडत होते आणि जीव खाऊन टाचा फिरवत होते, पण सुतळीला टाचेची भाषा कुठून कळणार? समाजमंदिरापाशी सायकल वळली, चांगुणाच्या गोवऱ्यांच्या ढिगात शिरली आणि तिथेच आडवी झाली.

भाऊसाहेब धावत पोचले तेव्हा म्हातारा गोवऱ्यांत उताणा पडला होता, पाय पेडलांना बांधलेले, सायकल अंगावर, आणि हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हसण्याचं की कशाचं, कोण जाणे.

"लागलं का, बाबा?"

"पडलो रं पडलो. पन कुठं पडलो? बघ की. येशीच्या ह्या बाजूला पडलो!"

भाऊसाहेबांना वाकून सुतळी सोडायची होती, पण हातात ती बिनस्टँडची हॉलंडची सायकल, ती टेकवायची कुठे? विजयमाला आणि चांगुणा म्हाताऱ्याच्या अंगावरची सायकल पेलून धरत होत्या. एवढ्यात मागून धापा टाकल्याचा आवाज आला. रंगनाथ पाटील. दुखऱ्या गुडघ्यांनी सगळा उतार उतरून, भरलेला तांब्या सांभाळत ते आले होते. बुद्धवाड्यात पाटलांना आलेलं लोकांनी मतं मागायच्या दिवसांखेरीज पाहिलं नव्हतं.

त्यांनी तांब्या पुढे केला. "घे, छगन. पानी घे."

"ठिवा तिथं, पाटील," छगनबाबा म्हणाले. "आधी पाय सोडाय पाहिजेत."

पाटलांनी इकडेतिकडे बघितलं. मग तांब्या खाली ठेवला, गुडघ्यावर हात रोवून कण्हत खाली बसले आणि छगनबाबांच्या पायांशी वाकून सुतळी चाचपायला लागले. नखाने गाठ धरायचे, ती निसटायची, पुन्हा धरायचे.

"लई आवळलीस रं, छगन."

"सावकाश सोडा. मला घाई न्हाई."

सगळा बुद्धवाडा गोळा झाला होता. शेवटी गाठ सुटली. उजवा पाय मोकळा झाला. पाटील डाव्या पायाकडे वळले, आणखी खाली वाकले, पार डोकं घोट्याला लागेपर्यंत. गोवऱ्यांत उताण्या पडलेल्या छगनबाबांनी एकदा मुलाकडे बघितलं, मग हात वर केला.

"औक्षवंत व्हा, पाटील," ते म्हणाले.